जुन्या मोटारसायकलच्या इंजिनात क्रँकशाफ्टचे बॅलन्सिंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुनी बुलेट, जावा, येझदी किंवा एखादी ब्रिटिश सिंगल (एका सिलिंडरची गाडी) पुन्हा उभी करताना बोअरिंग, व्हॉल्व्ह, बेअरिंग यांवर भरपूर चर्चा होते. क्रँकच्या, म्हणजे पिस्टनची वरखाली हालचाल गोल फिरण्यात बदलणाऱ्या शाफ्टच्या, बॅलन्सिंगचा विषय मात्र बहुतेक वेळा गाडी रस्त्यावर आल्यानंतर आणि हँडल थरथरू लागल्यानंतर निघतो. येथील बहुतेक उदाहरणे ओतीव लोखंडाच्या सिलिंडरच्या बुलेट ३५० ची आहेत, कारण १९५५ पासून मद्रासमध्ये बनू लागलेले हे इंजिन आपल्याकडे सर्वाधिक उघडले जाते आणि त्याचा ७० मि.मी. बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) व ९० मि.मी. स्ट्रोक (पिस्टनची धाव) हिशेबासाठी सोयीचा आहे. तत्त्वे मात्र कोणत्याही सिंगल सिलिंडर इंजिनाला लागू पडतात.

क्रँकचे बॅलन्सिंग म्हणजे नेमके काय करायचे असते?

इंजिनात हलणाऱ्या वजनांचे दोन भाग पडतात. क्रँकपिन, पिस्टन आणि क्रँक यांना जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडचा खालचा भाग (बिग एन्ड) आणि त्याचे बुश किंवा बेअरिंग हे गोल फिरणारे वजन. पिस्टन, रिंगा, पिस्टन रॉडला जोडणारी गजन पिन, तिचे सर्क्लिप आणि रॉडचा वरचा भाग (स्मॉल एन्ड) हे वरखाली होणारे वजन. फिरणाऱ्या वजनाला फ्लायव्हीलवर (क्रँकच्या जड चाकावर) पिनच्या विरुद्ध बाजूस तेवढेच वजन, म्हणजे काउंटरवेट, ठेवून पूर्णपणे तोलता येते, कारण दोन्ही एकत्रच फिरतात. वरखाली होणाऱ्या वजनाचे तसे नाही, त्यामुळे त्याचा काही टक्के भागच तोलला जातो. ही टक्केवारी म्हणजे बॅलन्स फॅक्टर. बॅलन्सिंग म्हणजे हा फॅक्टर मोजणे, ठरवणे आणि फ्लायव्हीलमधले धातू कमी-जास्त करून तेथपर्यंत पोहोचणे.

शंभर टक्के बॅलन्स करून थरथर कायमची घालवता येत नाही का?

नाही, आणि ही गोष्ट समजली की पुढचे सगळे प्रश्न सोपे होतात. पिस्टन फक्त सिलिंडरच्या रेषेत वरखाली जातो. फ्लायव्हीलवरचे काउंटरवेट मात्र गोल फिरते. पिस्टन वरच्या टोकाला असताना काउंटरवेट खाली असते आणि त्याचा धक्का उतरवते, पण अर्ध्या फेरीच्या मध्यावर तेच काउंटरवेट पुढच्या किंवा मागच्या बाजूला येते आणि तेथे त्याला विरोध करणारे काहीच नसते. म्हणजे उभा हादरा जितका कमी करावा तितका आडवा हादरा वाढतो.

आकड्यांत पाहू. समजा वरखाली होणारे एकूण वजन ५६० ग्रॅम आहे. बुलेट ३५० मध्ये क्रँकची त्रिज्या स्ट्रोकच्या निम्मी, म्हणजे ४५ मि.मी. असते. मिनिटाला ५००० फेऱ्यांना, काउंटरवेट अजिबात नसेल तर, या वजनाचा धक्का सुमारे ७०० किलो भाराएवढा होतो. फॅक्टर ६० टक्के ठेवला तर उभ्या दिशेने सुमारे २८० किलो उरतो आणि आडव्या दिशेने सुमारे ४२० किलो नव्याने येतो. ५० टक्क्यांना दोन्हीकडे साधारण ३५० किलो राहतो. त्या अवस्थेत उरलेला धक्का स्थिर मापाचा असून क्रँकच्या उलट दिशेने फिरत असतो. फेऱ्या निम्म्या केल्या की हे सगळे आकडे चौथाईवर येतात, म्हणून मंद चालणारी गाडी गोड वाटते आणि वेग वाढताच तिचा स्वभाव बदलतो.

याशिवाय रॉड तिरका होत असल्यामुळे प्रत्येक फेरीत दोनदा येणारा एक लहान हादरा असतो. तो फ्लायव्हीलमध्ये कितीही धातू कमी-जास्त केले तरी जात नाही. मुख्य हादरा खऱ्या अर्थाने घालवायचा तर उलट फिरणारा वेगळा बॅलन्सर शाफ्ट लागतो. रॉयल एनफिल्डने २०२० मध्ये मीटिऑर ३५० बरोबर आणलेल्या नव्या इंजिनात तो आहे. जुन्या बुलेटमध्ये नाही.

मग फॅक्टर किती ठेवावा?

जुन्या सिंगल सिलिंडर इंजिनांसाठी ५० ते ७० टक्क्यांमधला आकडा प्रचलित आहे आणि बहुतेक गाड्या ५५ ते ६५ च्या आसपास समाधानकारक चालतात. परंतु सर्वांना लागू पडणारा एकच बरोबर आकडा नसतो, कारण हादरा इंजिनात जन्मतो पण जाणवतो तो फ्रेममधून. इंजिन फ्रेममध्ये कसे बसले आहे, सिलिंडर उभा आहे की पुढे झुकलेला, फ्रेम कोणत्या दिशेला ताठ आहे आणि मालक गाडी कोणत्या वेगाने चालवणार आहे, यांवर निवड ठरते.

जोड-सिलिंडर ब्रिटिश गाड्यांवरून हे चांगले कळते. ट्रायम्फच्या ६५० सी.सी. इंजिनात दोन्ही पिस्टन एकत्र वरखाली होतात, म्हणजे तोलाच्या दृष्टीने ते एक मोठे सिंगलच असते. त्याच्या साठच्या दशकातील काही क्रँकांना ८५ टक्के फॅक्टर दिलेला होता. १९६७ मध्ये आलेल्या नॉर्टन कमांडोमध्ये इंजिन रबरी आधारांवर टांगलेले होते आणि तेथे फॅक्टर ५२ टक्के ठेवला गेला. इंजिनांची मांडणी सारखीच, आधार वेगळे, त्यामुळे आकडे वेगळे. म्हणून दुसऱ्या गाडीचा आकडा वाचून तो आपल्या क्रँकवर लावणे मला धोक्याचे वाटते. कारखान्याने आपल्या इंजिनाला जो फॅक्टर दिला तोच, दुसरे सबळ कारण नसेल तर, राखावा.

कारखान्याचा फॅक्टर मला कसा कळणार?

तो तुमच्याच जुन्या क्रँकमध्ये लिहिलेला असतो. फ्लायव्हील वेगळी करण्यापूर्वी, रॉड जागेवर असतानाच, मोजून घेतला तर तो मिळतो. एकदा पिन काढून नवा रॉड बसवला की ती संधी गेली. जुना बिग एन्ड ढिला झालेला असला तरी या मोजमापाला बाध येत नाही, कारण येथे क्रँक वेगाने फिरवायचा नसतो. शाफ्ट वाकडे नसावेत आणि तेलाचे मार्ग रिकामे व स्वच्छ असावेत, एवढेच पाहावे. जुना पिस्टन, रिंगा, पिन आणि सर्क्लिपही जपून ठेवून वजन करावे. मिस्त्रीकडे इंजिन सोपवताना “क्रँक उघडण्याआधी मला सांगा” एवढे एक वाक्य आवर्जून बोलावे.

प्रत्येक ओव्हरहॉलमध्ये बॅलन्सिंग करावेच लागते का?

नाही. मूळ धाटणीचाच पिस्टन ओव्हरसाइजमध्ये (बोअर केलेल्या सिलिंडरसाठीच्या मोठ्या मापात) घातला तर वजनात थोडासाच फरक पडतो. वरच्या उदाहरणात वरखाली होणारे वजन ५६० वरून ५७५ ग्रॅम झाले, तर ६० टक्क्यांचा फॅक्टर ५८.४ वर येतो. तो फरक बसणाऱ्याला कळणार नाही. याउलट, बाजारात मिळाला म्हणून दुसऱ्या गाडीचा किंवा जाड भिंतीचा फोर्ज्ड पिस्टन बसवला आणि वजन ८० ग्रॅमने वाढले, तर तोच फॅक्टर ५२.५ होतो. अशा वेळी हिशेब करायलाच हवा. रॉड वेगळ्या बनावटीचा घातला, मूळ फ्लोटिंग बुशच्या जागी रोलर बिग एन्ड बसवला, फ्लायव्हील दुसऱ्या इंजिनातून आणली किंवा आधीच्या कोणीतरी त्यांना भोके पाडलेली दिसली, तर मोजमाप टाळू नये. दोन वेगवेगळ्या इंजिनांतली डावी-उजवी फ्लायव्हील एकत्र आलेली असणे हा प्रकार जुन्या गाड्यांत चांगलाच आढळतो.

कनेक्टिंग रॉडचे वजन दोन भागांत कसे करतात?

एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा साधा इलेक्ट्रॉनिक काटा पुरेसा आहे. रॉड आडवा धरून त्याचा बिग एन्ड दोऱ्याने किंवा पातळ सळईने बरोबर मध्यातून टांगावा आणि स्मॉल एन्ड मध्यावरच काट्यावर टेकवावा. दोन्ही भोकांचे मध्य एकाच पातळीत हवेत. रॉड थोडासा तिरका राहिला तरी आकडा फसवतो, म्हणून फूटपट्टीने टेबलापासूनची उंची दोन्हीकडे मोजावी. काट्यावर दिसेल ते स्मॉल एन्डचे वजन. मग रॉड फिरवून तसेच बिग एन्डचे वजन घ्यावे आणि शेवटी पूर्ण रॉड काट्यावर ठेवावा. समजा स्मॉल एन्ड १६० आणि बिग एन्ड ३२० आला, तर पूर्ण रॉड ४८० ग्रॅम भरला पाहिजे. बेरीज दोन-तीन ग्रॅमपेक्षा जास्त चुकली तर मांडणीत कोठेतरी घर्षण किंवा तिरकेपणा आहे आणि मोजमाप पुन्हा करावे. स्मॉल एन्डचे बुश आणि बिग एन्डचे बुश आपापल्या जागी असताना हे करावे.

मशीन नसताना छोट्या वर्कशॉपमध्ये फॅक्टर कसा मोजायचा?

यासाठी दोन सरळ, घासून गुळगुळीत केलेल्या पोलादी पट्ट्या समांतर आणि समपातळीत उभ्या कराव्या लागतात. स्पिरिट लेव्हल दोन्ही दिशांनी लावून पट्ट्या घट्ट बांधाव्यात. जोडलेला आणि सरळ केलेला क्रँक, रॉडसह, त्याच्या दोन्ही मेन शाफ्टवर या पट्ट्यांवर ठेवावा. दोन्ही बाजूंच्या शाफ्टचा व्यास वेगळा असेल तर बारीक बाजूवर नेमक्या मापाची बाही चढवावी, नाहीतर क्रँक सरळ न जाता वळत जाईल. पट्ट्यांऐवजी दोन्ही बाजूंना दोन-दोन बेअरिंगांच्या खाचेत शाफ्ट ठेवला तरी चालते, मात्र बेअरिंग ग्रीस धुऊन अगदी मोकळे केलेले हवे.

आता हिशेब. वरखाली होणारे वजन ५६० ग्रॅम, म्हणजे पिस्टनचा पूर्ण संच ४०० आणि स्मॉल एन्ड १६०. हवा असलेला फॅक्टर ६० टक्के. ५६० चे ६० टक्के म्हणजे ३३६ ग्रॅम. रॉड क्रँकला लोंबकळत असल्यामुळे स्मॉल एन्डचे १६० ग्रॅम आधीच पिनवर आलेले आहेत, म्हणून ३३६ मधून १६० वजा करून १७६ ग्रॅम स्मॉल एन्डला टांगायचे. वॉशर आणि नट प्लास्टिकच्या पिशवीत भरून दोरीसह १७६ ग्रॅम करावे. पट्ट्यांची उंची एवढी असावी की रॉड आणि पिशवी कोठेही न टेकता लोंबेल.

मग क्रँक हलकेच सोडावा. तोल बिघडलेला असेल तर तो सावकाश एका बाजूला घरंगळतो, मागेपुढे डुलतो, डुलणे लहान होत जाते आणि जड जागा तळाला येऊन थांबते. त्या जागेवर खडूने खूण करावी आणि वेगवेगळ्या ठिकाणांहून सोडून तीच खूण पुन्हा तळाला येते का, हे पाहावे. ती दरवेळी वेगळी आली तर पट्ट्या किंवा शाफ्ट स्वच्छ नाहीत. क्रँक जेथे सोडावा तेथेच थांबू लागला, म्हणजे पिन वर, खाली, डावीकडे, उजवीकडे कोठेही असताना हलला नाही, की फॅक्टर नेमका ६० झाला.

कारखान्याचा फॅक्टर काढायचा असेल तर हेच उलट करावे. क्रँक कोठेही थांबेपर्यंत पिशवीतले वॉशर कमी-जास्त करावेत. समजा १४६ ग्रॅमवर तो स्थिरावला, तर १४६ अधिक १६० म्हणजे ३०६, आणि त्याला ५६० ने भागले की सुमारे ५४.६ टक्के. जड जागा पिनच्या किंवा काउंटरवेटच्या रेषेवर न येता आडबाजूला येत असेल, तर फ्लायव्हीलमध्ये आधी कोणीतरी काहीतरी केले आहे असे समजून प्रत्येक चाक बारकाईने पाहावे.

भोके कोठे आणि किती पाडायची?

ठरलेले वजन टांगल्यावर पिन तळाला गेली, तर काउंटरवेट कमी पडते आहे. धातू पिनच्या बाजूने काढायचे. काउंटरवेट तळाला गेले, तर ते जास्त आहे. धातू काउंटरवेटच्या बाजूने काढायचे. येथे दिशा चुकली तर दुरुस्ती फार महाग पडते, त्यामुळे ड्रिल लावण्यापूर्वी दुसऱ्या माणसाकडून तपासून घेणे शहाणपणाचे.

वरच्याच उदाहरणात क्रँक १४६ वर स्थिरावतो आणि आपल्याला १७६ हवे आहेत. फरक ३० ग्रॅम, पिनच्या ४५ मि.मी. त्रिज्येवर; दोन्हींचा गुणाकार १३५०. पिनच्या अगदी जवळ भोक पाडता येत नाही, कारण तेथील धातूवर पिनची पकड अवलंबून असते. म्हणून पिनच्या रेषेच्या दोन्ही बाजूंना ३० अंशांवर, मध्यापासून ७० मि.मी. अंतरावर जागा निवडली असे धरू. रेषेपासून बाजूला गेल्यामुळे परिणाम घटतो आणि ७० मि.मी. चे उपयोगी अंतर सुमारे ६० मि.मी. राहते. १३५० ला ६० ने भागले की २२.५ ग्रॅम. हे दोन चाकांत सारखे वाटून प्रत्येक चाकातून सव्वाअकरा ग्रॅम, म्हणजे प्रत्येक भोकातून साधारण ५.६ ग्रॅम काढायचे. १० मि.मी. व्यासाचे १० मि.मी. खोल भोक ओतीव लोखंडातून जवळपास नेमके तेवढेच वजन काढते, पोलादातून ६.२ ग्रॅम निघतात.

हिशेब कितीही पक्का असला तरी आधी दोन-तृतीयांश खोलीच घ्यावी, कीस फुंकून काढावा आणि क्रँक पुन्हा पट्ट्यांवर ठेवावा. काढलेले धातू परत येत नाही. ड्रिल करताना बिग एन्ड कापड आणि चिकटपट्टीने पूर्ण बंद करावा, कारण ओतीव लोखंडाचा बारीक कीस बुशमध्ये शिरला तर नव्या बिग एन्डचे आयुष्य तेथेच संपते. भोकांच्या कडा मोडून गुळगुळीत कराव्यात आणि चाकाच्या कडेला पुरेसे धातू शिल्लक ठेवावे.

धातू काढण्याऐवजी वजन वाढवायचे असेल तर?

पिनच्या बाजूने काढण्यासारखे धातूच उरले नसेल, तर काउंटरवेटच्या बाजूला भोक पाडून त्यात टंगस्टनच्या मिश्रधातूचा तुकडा दाबून बसवतात. त्याची घनता १७ ते १८, म्हणजे लोखंडाच्या दुपटीहून जास्त, त्यामुळे प्रत्येक घन सेंटिमीटरमागे सुमारे १० ग्रॅम वाढतात. भोक शाफ्टला समांतर असावे आणि तुकडा बाहेर सरकणार नाही अशी पक्की व्यवस्था असावी. शिसे ओतण्याची जुनी पद्धत मी सुचवणार नाही. शिसे मऊ असते, गरम-थंड होताना सैल होते, आणि ५००० फेऱ्यांना क्रँककेसमध्ये सुटलेला तुकडा संपूर्ण इंजिन घेऊन जातो.

क्रँक सरळ करणे आणि बॅलन्स करणे एकच का?

दोन्ही वेगळी कामे आहेत, आणि सरळ करण्याचे काम आधी. बुलेटचा क्रँक दोन फ्लायव्हील, दोन शाफ्ट आणि पिन मिळून जुळवलेला असतो. जुळवताना दोन चाके किंचित फिरली किंवा उघडझाप झाली की दोन्ही शाफ्ट एका रेषेत राहत नाहीत. सेंटरमध्ये किंवा व्ही-ब्लॉकवर ठेवून डायल गेजने (बारीक फरक काट्यावर दाखवणाऱ्या मापकाने) पाहिले तर काटा ०.०२५ मि.मी. च्या आत हलावा, ही वाजवी अपेक्षा आहे. वाकड्या क्रँकचा हादरा बॅलन्सिंगने जात नाही, आणि पुष्कळ वेळा “बॅलन्स बिघडला” म्हणून आणलेले इंजिन प्रत्यक्षात वाकड्या क्रँकचेच निघते. कोल्हापूरच्या उद्यमनगरासारख्या ठिकाणी, जेथे लेथकाम आणि ओतकाम पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे, तेथे क्रँक सरळ करणारे चांगले हात मिळतात. त्यांच्यासमोर उभे राहून डायलचा काटा स्वतः पाहावा.

डायनॅमिक बॅलन्सिंग (मशीनवर क्रँक फिरवून तोलणे) करून घेणे आवश्यक आहे का?

सिंगल सिलिंडर क्रँकची दोन चाके एकमेकांच्या अगदी जवळ असतात, त्यामुळे वर सांगितलेली स्थिर पद्धत पुरते, फक्त धातू दोन्ही चाकांतून सारखे काढलेले असावे. सगळे धातू एकाच चाकातून काढले तर पट्ट्यांवर तोल जमतो, पण फिरताना क्रँक डावी-उजवीकडे डुलू पाहतो. रुंद, जोड-सिलिंडर क्रँकांसाठी मात्र फिरवून मोजणारे मशीन योग्य. त्या मशीनवालाही तुम्हाला फॅक्टर आणि वजने विचारणारच. ती माहिती नसेल तर मशीन कितीही अचूक असले तरी चुकीच्या आकड्यालाच अचूक बॅलन्स करून देईल.

जावा, येझदी यांसारख्या टू-स्ट्रोक इंजिनांत काही वेगळे असते का?

तत्त्व तेच, काळजी वेगळी. टू-स्ट्रोकमध्ये ताजे मिश्रण आधी क्रँककेसमध्ये दाबले जाते, म्हणून फ्लायव्हीलमध्ये मोठी भोके पाडली की आतली पोकळी वाढते आणि तो दाब कमी होतो. भोके पाडावीच लागली तर ती ॲल्युमिनियमसारख्या हलक्या धातूच्या बुचाने घट्ट बंद करून बाहेरची बाजू सपाट करावी, आणि बुचाचे वजन हिशेबात धरावे. हे क्रँक दाबून जोडलेले असतात, नटांनी आवळलेले नसतात, म्हणून पिन काढ-घाल करण्याची वेळ जितकी कमी येईल तितकी पकड टिकते.

राजदूत ३५० चे काय?

या जोड-सिलिंडर गाडीत दोन पिस्टन १८० अंशांवर असतात. एक वर जातो तेव्हा दुसरा खाली येतो आणि मुख्य हादरे एकमेकांना काटतात. उरते ते डावी-उजवीकडचे डुलणे. तेथे दोन्ही पिस्टनसंचांचे आणि दोन्ही रॉडचे वजन एकसारखे करणे आणि क्रँक अचूक सरळ असणे याला सर्वाधिक महत्त्व आहे.

फ्लायव्हील लेथवर हलकी करून घेतली तर गाडी चपळ होईल का?

इंजिन लवकर फेऱ्या घेईल, पण जुन्या बुलेटचे मंद वेगातले सलग चालणे त्या जड चाकांमुळेच असते. मी स्वतः मूळ फ्लायव्हीलला या कारणासाठी हात लावू नये या मताचा आहे, कारण चांगल्या स्थितीतली जुनी चाके दिवसेंदिवस दुर्मीळ होत चालली आहेत. तरीही हलकी केलीच, तर बाहेरील कड सर्व बाजूंनी सारखी उतरवली तरी काउंटरवेटचा आकार बदलू शकतो, म्हणून फॅक्टर नव्याने मोजावा.

सगळे मोजून केले, तरीही गाडी थरथरते. आता काय पाहावे?

थरथर कोणत्या वेगाला येते हे आधी पाहावे. एका ठरावीक वेगालाच येऊन पुढे जात असेल, तर तो बहुधा फ्रेमचा किंवा हँडलचा स्वतःचा कंप असतो आणि क्रँकला दोष देण्यात अर्थ नाही. वेगाबरोबर वाढतच जात असेल, तर इंजिनाचे सर्व माउंटिंग बोल्ट, त्यांच्या प्लेटांची घासलेली भोके आणि हेडपासून फ्रेमपर्यंत जाणारी हेड स्टेडीची पट्टी तपासावी. बुलेटमध्ये ही पट्टी ढिली असणे किंवा मागच्या कामात बसवायचीच राहून जाणे हे अगदी नेहमीचे कारण आहे. त्यानंतर इग्निशनचे टायमिंग फार पुढे नाही ना (म्हणजे ठिणगी फार लवकर पडत नाही ना), अल्टरनेटरचा रोटर शाफ्टवर सरळ बसला आहे ना, इंजिनापासून क्लचपर्यंतची प्रायमरी चेन एका जागी ताणलेली आणि दुसरीकडे सैल नाही ना, हे पाहावे. क्लच दाबून, गाडी उभी असताना फेऱ्या वाढवल्यावरही तोच हादरा तेवढाच येत असेल, तरच इंजिन पुन्हा उघडण्याचा विचार करावा, आणि उघडल्यावर पट्ट्यांच्या आधी डायल गेज लावावा.